क्षचा फोटो काढू नका!

मंडळी, आज ऑफिसात एक छोटासा प्रयोग करून बघा. बॉस मीटिंगमध्ये असताना केलात तर उत्तम! जिच्यात 'दहाचा सहावा घात' असं काहीतरी छापलंय, अशी कुठलीही पीडीएफ उघडा. म्हणजे मोठा दहा, आणि त्याच्या खांद्यावर बसलेला छोटासा सहा. तो आकडा माउसने सिलेक्ट करा, कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काय आलं? बहुतेक वेळा १०६. चक्क एकशे सहा! दहा लाखांचे एकशे सहा झाले आणि कॉम्प्युटरला त्याचं ना सुख ना दुःख.

तुम्ही म्हणाल, या पानावर आपण एरवी सेल, ईएमआय आणि वीकेंडच्या प्लॅन्सबद्दल बोलतो, आज एकदम घातांक कुठून आला? सांगते. फ्रीलान्स जर्नालिस्टचं पोट फक्त लेखांवर भरत नाही. मधेमधे मिळेल ते काम घ्यावं लागतं. कधी कुणाचं ब्रोशर, कधी कुणाच्या सीईओचं भाषण. अशातच मध्यंतरी एका ऑनलाइन क्लासचं काम माझ्याकडे आलं. बँकेच्या परीक्षांसाठी गणित आणि स्टॅटिस्टिक्सच्या नोट्स, वेबसाइटवर टाकलेल्या. मजकूर जरा सोपा करा, आणि पानावरच्या प्रत्येक चित्राला 'वर्णन' लिहा, असं ते काम. साइटवर चित्रं होती हजाराच्या वर, आणि त्यातली जवळजवळ सगळी चित्रं म्हणजे फॉर्म्युले! मी मास कॉमची. बारावीनंतर गणिताने आणि मी एकमेकांना सन्मानाने निरोप दिलेला. पण रेट बरा होता, म्हणून हो म्हटलं.

आणि मग या सगळ्या प्रकरणात जी काही सॉल्लिड गोष्ट हाती लागली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका प्रोफेसरचा वैताग

गोष्ट सुरू होते १९७७मध्ये, अमेरिकेत. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीतले डोनाल्ड क्नुथ हे कॉम्प्युटर सायन्समधलं देवमाणूस म्हणावं असं नाव. त्यांचा 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' हा अनेक खंडांचा ग्रंथ. त्याच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली, आणि साहेबांचं डोकंच फिरलं. जुनी आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली, देखणी. नवी फोटो-टाइपसेटिंगची, आणि त्यातली गणितं बघवेनात. आपण असतो तर प्रकाशकाला चार कडक मेल टाकले असते. क्नुथनी काय करावं? गणित छापायचं सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला घेतलं! सुट्टीच्या एका वर्षात उरकेल असा अंदाज होता. पूर्ण व्हायला साधारण दहा वर्षं लागली. (हे वाचून सगळ्या प्रोजेक्ट मॅनेजर्सना बरं वाटलं असेल.)

त्या सॉफ्टवेअरचं नाव 'टेक'. १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर वापरायला सोपं असं 'लाटेक' चढवलं, आणि जगभरच्या गणितज्ञांची, फिजिक्सवाल्यांची ती मातृभाषाच झाली. फंडा साधा आहे. तुम्ही फॉर्म्युला काढायचा नाही, तो सांगायचा. 'हा अपूर्णांक आहे, वर हे, खाली हे' किंवा 'हे वर्गमूळ आहे, त्याच्या आत हे' अशा खुणा साध्या कीबोर्डवरच्या अक्षरांत टाइप करायच्या. कुठली रेघ किती लांब, कुठला आकडा किती बारीक, हे मशीन बघून घेतं. आणि एक गंमत ऐका. टेकच्या प्रत्येक सुधारणेला नंबर मिळतो तो 'पाय'च्या किमतीतला एकेक पुढचा आकडा जोडून. २०२१ सालची आवृत्ती ३.१४१५९२६५३. एका माणसाने स्वतःच्या सॉफ्टवेअरला दिलेला हा बहुधा जगातला सगळ्यात सभ्य विनोद असेल.

लग्नघरात वधूच नाही

आता वेबकडे या. वर्ल्ड वाइड वेब जन्मलं कुठे? जिनिव्हाजवळच्या सर्न या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये प्रस्ताव मांडला, तो शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद सहज वाचता यावेत म्हणून. आणि या शास्त्रज्ञांच्या कागदांवर काय असतं? गणित. आणि वेबच्या भाषेत काय नव्हतं? गणित! शीर्षक होतं, परिच्छेद होता, लिंक होती, चित्रं आली, पुढे रंगीबेरंगी बॅकग्राउंड आलं. साधा अपूर्णांक मात्र नाही. १९९५च्या एका मसुद्यात त्याची सोय सुचवली होती. १९९७मध्ये जी आवृत्ती मंजूर झाली तिच्यात ती नव्हती. खालचा-वरचा छोटा आकडा तेवढा मिळाला. म्हणजे लग्नघर सजलं, पंगती बसल्या, पण वधूला बोलावणंच गेलं नाही, अशातला प्रकार.

पण लोकांचं काम कुठे थांबतं? १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्स युनिव्हर्सिटीतल्या निकोस ड्राकोस यांनी एक कन्व्हर्टर लिहिला. लाटेकची फाइल द्या, तो वेबपानं बनवून देतो. मजकुराचा मजकूर व्हायचा आणि फॉर्म्युल्याचं चित्र. प्रत्येक फॉर्म्युल्याचा जणू पासपोर्ट साइज फोटो! त्या काळात याच्याइतकी व्यवहारी युक्ती दुसरी नव्हती. शिवाय त्या कन्व्हर्टरने चित्रामागे मूळ खुणाही लिहून ठेवलेल्या असायच्या. पुढे ज्यांनी ज्यांनी हाच मार्ग धरला, त्यातल्या कितीतरी जणांनी फोटो ठेवला आणि मागचं लिहिणं सोडून दिलं.

फोटोचे तोटे तुम्हीही पाहिलेत. ओळीत अक्षरं एका उंचीवर, फॉर्म्युला भलत्याच उंचीवर. मोबाइलवर झूम केलं की क्ष धूसर. शोधायला गेलात तर सापडत नाही. कॉपी करायला गेलात तर येत नाही. पण हे सगळे झाले डोळसांचे त्रास. खरा लोच्या पुढे आहे.

"इमेज फोर्टी सेव्हन डॉट गिफ"

माझा एक मित्र बँकेत ऑफिसर आहे. हुशार, टापटीप, क्रिकेटचे स्कोअर तोंडपाठ, आणि जन्मापासून दृष्टिहीन. त्याचा सगळा कारभार स्क्रीन रीडरवर चालतो. म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. तो एनव्हीडीए वापरतो, जे फुकट मिळतं आणि जे ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या प्रोग्रॅमरने २००६मध्ये सुरू केलं. मित्र ते इतक्या सुसाट स्पीडवर ऐकतो की आपल्याला वाटावं, रेडिओचं स्टेशन चुकलंय.

सध्या तो सीएआयआयबीचा अभ्यास करतोय. बँकवाल्यांना ठाऊक आहे, ही परीक्षा पास झाली की इन्क्रिमेंट मिळतं आणि प्रमोशनच्या वेळी वजन पडतं. तिच्यातल्या ॲडव्हान्स्ड बँक मॅनेजमेंट या पेपरात स्टॅटिस्टिक्स आहे. मी ज्या साइटचं काम करत होते तिथल्या नोट्स त्याला उघडून दिल्या आणि म्हटलं, स्पीकरवर लाव, मलाही ऐकू दे.

मशीन मस्त सुरू झालं. "मासिक हप्ता काढण्याचे सूत्र पुढीलप्रमाणे आहे." मग क्षणभर शांतता, आणि मग, "ग्राफिक. इमेज फोर्टी सेव्हन डॉट गिफ." पुढचं वाक्य, "यावरून आपल्या लक्षात येईल की..."

तो हसला. म्हणाला, "आलं लक्षात!"

मग म्हणाला, शाळेत असंच झालं होतं. आठवीनंतर त्याला गणित सोडून दुसरा विषय घ्यायला सांगितलं. कुणी दुष्टपणाने नाही, प्रेमानेच. "तुला उगाच त्रास नको" म्हणून. नववीपासून त्याच्या आयुष्यात गणित आलं ते थेट नोकरीत, आणि तेही कॉम्प्युटरने काढून दिलेल्या उत्तराच्या रूपात. दिवसभर लोकांना कर्जाचा हप्ता सांगणाऱ्या या माणसाने हप्त्याचं सूत्र कधी 'वाचलेलं'च नव्हतं.

वजा एक नेमका कुठे?

बरं, मग मी म्हटलं, त्यात काय एवढं, मी वाचून दाखवते. सूत्र असं आहे: मुद्दल गुणिले महिन्याचा व्याजदर गुणिले 'एक अधिक व्याजदर' याचा हप्त्यांच्या संख्येइतका घात. हे झालं वर. खाली, म्हणजे भागायला, 'एक अधिक व्याजदर याचा हप्त्यांच्या संख्येइतका घात वजा एक'.

त्याने लगेच अडवलं. "थांब. तो वजा एक घाताच्या आत आहे की बाहेर?"

बघा हं, प्रश्न किती बारीक आहे. कागदावर बघणाऱ्याला एका नजरेत कळतं. छोट्या अक्षरात वर असेल तर आत, मोठ्या अक्षरात ओळीत असेल तर बाहेर. कानाला मात्र दोन्ही एकच. आणि फरक किती पडतो? दहा लाखांचं कर्ज धरा, वार्षिक १२ टक्के, बारा हप्ते. वजा एक बाहेर ठेवला, म्हणजे बरोबर ठेवला, तर हप्ता येतो साधारण ८८,८४९ रुपये. तोच वजा एक घाताच्या आत ढकलला तर हप्ता येतो १०,१०० रुपये! त्या हिशेबाने वर्षभरात फिटले १,२१,२००. असं कर्ज मिळालं तर मीही घेते. बँक मात्र त्या दिवशीच शटर खाली ओढेल.

म्हणजे गणित ही नुसती चिन्हांची रांग नाही. तिला वर-खाली, आत-बाहेर आहे. ती दोन दिशांना पसरते. वाचन मात्र एकाच दिशेने चालतं, शब्दामागून शब्द. कागदावरून वेबवर गणित नेणं म्हणजे ही वर-खालीची, आत-बाहेरची नाती सुखरूप पोचवणं. नुसता चेहरा पोचवून भागत नाही.

पुण्याचा रामन

हा प्रश्न ज्याने तीसेक वर्षांपूर्वी शिंगावर घेतला तो माणूस आपल्या पुण्याचा आहे, हे मला या निमित्ताने कळलं आणि कॉलर जरा ताठ झाली. टी. व्ही. रामन. जन्म १९६५, पुणे. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. पण गणित सोडलं नाही. पुणे विद्यापीठातून गणितात पदवी, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल. तिथे १९९४मध्ये पीएचडी पूर्ण केली, आणि विषय होता लाटेकमध्ये लिहिलेलं गणित कॉम्प्युटरने बोलून कसं दाखवायचं. सिस्टिमचं नाव 'ॲस्टर'. त्यांच्या गाइड डॉगचं नावही ॲस्टरच! या प्रबंधाला एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या मोठ्या संघटनेचा १९९४चा सर्वोत्तम प्रबंधाचा पुरस्कार मिळाला. पुढे ते ॲडोबी, आयबीएम, गूगल असे मोठ्या ठिकाणी राहिले.

त्यांची आयडिया अफलातून होती. घात आला की आवाजाची पट्टी वर चढवायची, खालचा छोटा आकडा आला की उतरवायची. म्हणजे 'वजा एक' चढ्या आवाजात आला तर तो घाताच्या आत, मूळ आवाजात आला तर बाहेर. गाणं शिकलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. शिवाय लांबलचक सूत्र असेल तर आधी त्याचा सांगाडा ऐकायचा, 'एक अपूर्णांक आहे', आणि मग हवं तर अंश उघडायचा, हवं तर छेद. डोळे जसे आधी पानभर फिरतात आणि मग एका जागी थांबतात, तसंच. पण हे सगळं शक्य झालं कशामुळे? रामन यांच्या हातात लाटेकची मूळ फाइल होती म्हणून. फॉर्म्युल्याचा फोटो असता, तर पट्टी कशाची चढवणार?

ब्राउझरचं दहा वर्षांचं घोडं

गणिताची नाती जपणारी वेबची स्वतःची भाषाही आली, १९९८मध्ये. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ती मंजूर केली. नाव मॅथएमएल. लिहायला ती भयंकर लांबलचक आहे. साध्या 'क्ष वर्ग'ला चार-पाच खुणा. पण ती माणसाने हाताने लिहावी अशी अपेक्षाच नाही. ती मशीनने मशीनसाठी लिहायची.

घोडं अडलं ते ब्राउझरपाशी. फायरफॉक्सने ती पहिल्यापासून दाखवली. क्रोमचं मात्र ऐका. जानेवारी २०१३मध्ये २४व्या आवृत्तीत मॅथएमएल आली आणि पुढच्याच आवृत्तीत काढून टाकली. पुन्हा आली ती जानेवारी २०२३मध्ये, १०९व्या आवृत्तीत! ते काम केलं स्पेनमधल्या इगालिया या कंपनीने, जिची मालकी तिच्या कर्मचाऱ्यांकडेच आहे. दहा वर्षं! तेवढ्यात आपली शाळेतली मुलं कॉलेज करून नोकरीला लागली.

मधल्या काळात गाडा ओढला तो मॅथजॅक्सने. २०१० सालचं हे फुकट सॉफ्टवेअर. पानात लाटेकच्या खुणा जशाच्या तशा ठेवायच्या, आणि पान उघडताना मॅथजॅक्स त्यांचा देखणा फॉर्म्युला बनवतो. झूम करा, कॉपी करा, ऐका. खान अकॅडमीने २०१४मध्ये याच जातीचं, जास्त झटपट असं कॅटेक्स आणलं.

आणि शास्त्रज्ञांचं ते जुनं घर? अर्काइव्ह नावाचं. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१मध्ये सुरू केलेला हा शोधनिबंधांचा साठा आज वीस लाखांच्या पुढे गेलाय. तिथले बहुतेक निबंध लाटेकमध्ये लिहिलेले. तरी वर्षानुवर्षं वाचायला पीडीएफच. डिसेंबर २०२३पासून तिथे नव्या निबंधांची वेबपानंही मिळू लागली. कन्व्हर्टर कुठला? लाटेक-एक्सएमएल. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेतल्या ब्रूस मिलर यांचा. तो मुळात गणिती फलनांचा संदर्भग्रंथ वेबवर आणण्यासाठी लिहिला गेला आणि तो ग्रंथ २०१०मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला.

"फोडणी नेहमीसारखी"

तुम्ही विचाराल, इकडून फाइल टाकली की तिकडून पान, यात इतकी वर्षं का लागावीत? त्याचं उत्तर आजीच्या रेसिपीच्या वहीत आहे. त्या वहीत लिहिलेलं असतं, 'फोडणी नेहमीसारखी. गोडा मसाला अंदाजाने.' आईला कळतं. तुमच्या यूएसए रिटर्न वहिनीला कळत नाही. लाटेक लिहिणारा प्रत्येक जण असंच करतो. वारंवार लागणाऱ्या गोष्टींना स्वतःचे शॉर्टफॉर्म पाडतो. फाइलच्या वरच्या टोकाला कुठेतरी ते सांगून ठेवतो आणि मग पुढची दोनशे पानं ते वापरतो. कन्व्हर्टरला आधी ती 'नेहमीची फोडणी' समजून घ्यावी लागते, म्हणजे जवळजवळ अख्खं टेक पुन्हा शिकावं लागतं.

दुसरी अडचण आणखी मजेशीर. एकाच चिन्हाचे अनेक अर्थ. दोन उभ्या रेघांमध्ये क्ष लिहिला तर तो क्षची निव्वळ किंमत असू शकतो, एखाद्या संचातल्या घटकांची संख्या असू शकतो, किंवा निश्चयक. कंसात दोन आकडे आणि मध्ये स्वल्पविराम? तो आलेखावरचा बिंदू असेल, नाहीतर दोन आकड्यांमधला अंतराल. दिसायला सेम टू सेम. अर्थ फक्त लिहिणाऱ्याला माहीत. म्हणून मॅथएमएलच्या नव्या आवृत्तीत 'मला इथे काय म्हणायचंय' हे सांगायची वेगळी सोय आखली जातेय.

क्लासवाले आणि पेन ड्राइव्ह

आता माझ्या कामाचं काय झालं ते. मी क्लासवाल्यांना फोन केला. म्हटलं, तुमच्या हजार चित्रांना वर्णन लिहून उपयोग नाही, सूत्रं सूत्र म्हणून टाका. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही फक्त 'इक्वेशन एक', 'इक्वेशन दोन' असं टाका. चेकलिस्टमध्ये टिक झाली की विषय संपला. आंधळी मुलं कुठे आमच्याकडे येतात?"

यावर माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक, २०१६चा दिव्यांग हक्क कायदा. इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सगळ्यांना वाचता येईल अशा स्वरूपात हवा, असं तो सांगतो. हे ऐकून पलीकडे जरा शांतता पसरली. दुसरं उत्तर माझ्या मते जास्त खरं होतं. मुलं येत नाहीत कारण दार बंद आहे, आणि दार बंद ठेवून कुणी येत नाही म्हणायचं, याला काय अर्थ?

पण खरं सांगू का, गाडी पुढे सरकली ती कायद्याने नाही की माझ्या भाषणाने नाही. नोट्स मुळात लिहिणारे सर रिटायर्ड प्रोफेसर निघाले. त्यांना फोन लावला तर म्हणाले, "अहो, मी सगळं लाटेकमध्येच लिहून दिलंय! पेन ड्राइव्ह त्यांच्याचकडे आहे." आणि तो होता. कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये, स्टेपलर आणि चहाच्या बिलांच्या खाली. मूळ फाइल्स हातात असताना कुणीतरी आधी पीडीएफ केली होती, मग पीडीएफमधून एकेक सूत्र कापून फोटो काढले होते, आणि आता मला त्या फोटोंचं वर्णन लिहायचे पैसे मिळणार होते!

माझ्या ओळखीच्या एका वेब डेव्हलपरने सरांच्या शॉर्टफॉर्म्सची आधी यादी केली, मग कन्व्हर्टर चालवला. सूत्रं मॅथएमएलमध्ये आली. जिथे मशीन अडलं ती सूत्रं सरांनी एकेक करून तपासली. त्यांचं वय सत्तरीच्या पुढचं, पण उत्साह ट्रेनी इंजिनीअरचा. मी मजकूर सोपा केला. हजार वर्णनांऐवजी मला लिहावी लागली ती फक्त आलेखांची, आणि बिल अर्थातच कमी झालं. (फ्रीलान्सर बहिणींनो, हे माझ्याकडून शिकू नका.)

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आहे. एचआरची पॉलिसी, इन्शुरन्सचा तक्ता, फायनान्सची प्रेझेंटेशन्स, ट्रेनिंगच्या नोट्स, यात कुठे ना कुठे टक्के, घात, अपूर्णांक असतातच. तेव्हा तीनच गोष्टी लक्षात ठेवा.

एक: स्क्रीनशॉट मारू नका. वर्डमध्ये सूत्र टाकायची सोय २००७च्या आवृत्तीपासून चांगली आहे, ती वापरा. आणि त्याआधीच्या जुन्या इक्वेशन एडिटरमधली सूत्रं तुमच्या फाइल्समध्ये अजून असतील तर आताच बदलून घ्या. सुरक्षेच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने तो एडिटर जानेवारी २०१८मध्ये काढून टाकला. ती सूत्रं दिसतात, पण त्याच्याशिवाय सुधारता येत नाहीत.

दोन: मूळ फाइल जपा. पीडीएफ म्हणजे शिजलेली भाजी; तिच्यातून परत वांगं निघत नाही. चित्रातून सूत्र ओळखणारी टूल्स आता बरीच पुढे गेली आहेत, पण शेवटी तो अंदाज. वजा एक आत की बाहेर, हे माणसाने बघायलाच हवं.

तीन: वेबसाइट बनवून घेताना एजन्सीला एकच प्रश्न विचारा, "यातलं सूत्र स्क्रीन रीडरवर ऐकवता का?" ऐकवलं तर ठीक. "दिसतंय की व्यवस्थित" असं उत्तर आलं तर समजा, फोटो आहे.

नवी पानं साइटवर चढली त्या आठवड्यात मी मित्राला लिंक पाठवली. त्याने एनव्हीडीएला गणित बोलायला शिकवणारं मॅथकॅट हे फुकट ॲड-ऑन टाकून घेतलं होतं. हप्त्याच्या सूत्रापाशी तो थांबला. बाणाच्या कीने आत शिरला. अंश ऐकला. छेदात गेला. घात कुठे संपतो ते मशीनने सांगितलं, आणि मग आला तो वजा एक. बाहेर. त्याने ते दोनदा ऐकलं.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "कर्ज फिटायला जितके जास्त महिने, तितका तो एक नगण्य होत जातो. मग हप्ता नुसत्या व्याजाच्या जवळ जातो. म्हणूनच तीस वर्षांच्या होम लोनमध्ये सुरुवातीला मुद्दल हलतच नाही!"

बरोबर होतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रोज काउंटरवर लोक विचारायचे, "साहेब, मुद्दल का कमी होत नाही?" आणि तो म्हणायचा, "सिस्टिम तसं दाखवते." आता कारण त्याच्या हातात होतं.

मी काही म्हणायच्या आत त्याने पुढची लिंक उघडली होती. स्टँडर्ड डेव्हिएशन. मला म्हणाला, "तू जा आता. मला अभ्यास आहे."